बँकॉकमधला एक दिवस: नदीवरची बोट आणि रात्रीचा फूलबाजार

आम्ही वरुडकडचे संत्रावाले दोस्त बँकॉकला जाऊन आलो. त्यातल्या शहर पाहायच्या दिवसाबद्दल लिहितो. मत आधीच सांगतो: दिवस नदीवर काढा अन् रात्र पाक ख्लोंग तलातच्या फूलबाजारासाठी राखून ठेवा. बारच्या गल्ल्या सगळे ग्रुपवाले दाखवतात, हा बाजार आम्हाला कोणी सांगितला नव्हता.

सफान ताक्सिन या स्कायट्रेन स्टेशनच्या खालीच साथॉर्नचा बोटीचा धक्का आहे. पर्यटकांची निळ्या झेंड्याची बोट महाग पडते, नारिंगी झेंड्याची धरा. तिकीट एकच, कुठंही उतरा. कंडक्टर बाई हातातला पत्र्याचा नळकांड्यासारखा डबा खडखडवत येते. भिक्षूंना बसायला जागा राखीव असते, तिथं बसू नका.

था तिएनच्या धक्क्याला उतरलं की वाट फो हे मंदिर (थाईत ‘वाट’ म्हणजे मंदिर). निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब अन् १५ मीटर उंच, फोटोत मावतच नाही. तळपायांवर शिंपल्याच्या नक्षीत १०८ शुभचिन्हं आहेत, ती पाहिल्याशिवाय पुढं सरकू नका. भिंतीलगतच्या १०८ भांड्यांत लोक एकेक नाणं टाकत जातात, तो आवाज साऱ्या दालनात घुमतो. खांदे अन् गुडघे झाकलेले पाहिजेत. बाहेर एक टुकटुकवाला ‘मंदिर आज बंद आहे’ म्हणून आम्हाला दुकानात न्यायला पाहत होता. असं कोणी म्हटलं तरी दारापर्यंत जाऊन स्वतः पाहा. नदीपलीकडे वाट अरुण आहे, फेरीबोटीनं जाता येतं. चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांनी मढवलेला कळस उतरत्या उन्हात फार सुंदर दिसतो.

संध्याकाळी याओवारात, म्हणजे तिथला चिनी मोहल्ला. खाणं रस्त्यावरच. आमच्यात दोन माळकरी होते. साध्या भाजीतही माशाचं पाणी घालतात, म्हणून पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेली गाडी शोधा, तिथं मांसमासळी नसते. नारळाच्या दुधातला चिकट भात अन् आंबा तर सगळ्यांनीच खाल्ला. संत्र्याचा रस छोट्या बाटल्यांत बर्फावर मांडून विकतात. फळ लहान, साल हिरवट, रस गोड. आपल्या आंबिया बहाराच्या संत्र्याचा आंबटगोडपणा त्याला नाही, पण बाटलीत भरून गल्लीगल्लीत विकायची त्यांची रीत आपण घ्यायलाच पाहिजे. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी वरुडच्या बसस्टँडवर असा रस मिळत नाही याचं वाईट वाटतं.

खाओ सान रोडवर जरा फिरलो. गाणी मोठ्यानं, माणसाला माणूस ऐकू येत नाही. तरण्या पोरांना आवडेल.

मग मध्यरात्री पाक ख्लोंग तलात. बाजार चोवीस तास उघडा असतो, पण खरी उलाढाल रात्रीच. झेंडूच्या पिशव्यांच्या थप्प्या, मोगरा बर्फात ठेवलेला, कमळाच्या कळ्यांच्या जुड्या. बाया बसल्या जागी मोगरा, झेंडू, गुलाब ओवून हातभर माळ करतात, तिला फुआंग मालाय म्हणतात. मीही झेंडू लावतो, म्हणून एकेका दुकानापुढं पाय अडकत होता. ही माळ दुकानाच्या देव्हाऱ्यात जाते, टॅक्सीच्या आरशाला जाते, बोटीच्या नाकाला जाते. म्हणजे फूल तिथं रोज लागतं. आपल्याकडं सारा झेंडू दसरा-दिवाळीवर टांगलेला. भाव पडला की दसऱ्याच्या संध्याकाळी तोच माल रस्त्याच्या कडेला ओतून शेतकरी रिकाम्या गाडीनं घरी येतो. ओवलेली माळ विकणारी बाई फुलाच्या भावावर अवलंबून राहत नाही, हे मी तिथं उभा राहून पाहिलं. गावातल्या बचत गटाला हे करता येईल असं मला मनापासून वाटतं, अन् मी त्याबद्दल बोलणंही सुरू केलं आहे.

बाजारातल्या लोकांना इंग्रजी फारसं येत नाही, कॅल्क्युलेटरवर भाव दाखवतात. हमालांच्या हातगाड्या जोरात येतात, वाट सोडून उभे राहा. फोटो काढायच्या आधी मानेनं विचारा, एखादी माळ विकत घ्या. जवळच सनाम चाई मेट्रो आहे, पण ती मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते, परतायला ॲपवरून टॅक्सी मागवा.