पिक्स पिशवी : औषधाविना धान्य राखणारी साठवण

सुगीच्या दिवसांत धान्याचे भाव पडलेले असतात, तरीही लहान शेतकरी कुटुंब नेमके त्याच दिवसांत धान्य विकते. पैशाची निकड हे त्याचे एक कारण असते. घरात ठेवलेल्या धान्याला कीड लागणारच ही खात्री हे दुसरे. काही महिन्यांनी तेच कुटुंब चढ्या भावाने धान्य विकत घेते आणि पुढची सुगी हाती येईपर्यंत उसनवारीवर दिवस काढते. पिकवणाऱ्याच्याच घरी उपासमार का होते, याचे एक उत्तर या फेऱ्यात आहे आणि तो तोडण्यासाठी मी वापरलेल्या साधनांत पिक्स (PICS) ही धान्य साठवण्याची हवाबंद पिशवी मला सर्वांत भरवशाची वाटली.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ लॅरी मर्डॉक यांनी कॅमेरूनमधील संशोधकांच्या साथीने, तेथील चवळी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी ही पद्धत विकसित केली. २००७ मध्ये गेट्स प्रतिष्ठानच्या अर्थसाहाय्याने पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत तिचा मोठा प्रसार सुरू झाला. पुढे मका, ज्वारी, गहू, शेंगदाणा यांसाठीही ती वापरात आली. त्या प्रसाराची एक रीत मला फार आवडते. गावातल्या लोकांसमोर धान्य भरून पिशवी बांधायची आणि काही महिन्यांनी त्याच लोकांसमोर ती उघडायची. धान्य कसे निघाले हे ज्याने त्याने हातात घेऊन पाहायचे, म्हणजे कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा लागत नाही.

पिशवीची रचना साधी आहे. आत जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, एकात एक घातलेल्या, आणि बाहेर नेहमीचे विणलेले पोते. आतली पिशवी दाबून भरायची, तोंडाशी उरलेली हवा हाताने रेटून काढायची, मोकळा भाग घट्ट पिळून दुमडायचा आणि दोरीने करकचून बांधायचा. मग दुसरी पिशवी आणि शेवटी पोते तसेच बांधायचे. आत अडकलेले किडे श्वसनाने प्राणवायू संपवत जातात, तो कमी झाला की त्यांचे खाणे थांबते, आणि खाण्यातूनच शरीरात तयार होणारे पाणी मिळेनासे झाल्यामुळे ते शेवटी कोरडे पडून मरतात. विषारी गोळी किंवा भुकटी कशातच लागत नाही. ज्या घरात माणसे धान्याच्या पोत्यांशेजारीच झोपतात, तेथे याचे मोल किती आहे हे वेगळे सांगायला नको.

मी भरलेली पिशवी उघडली तेव्हा तळाशी मेलेले थोडे भुंगेरे सापडले, परंतु दाणा भरीव होता, त्याला वास नव्हता आणि मूठ सोडल्यावर तळहातावर पीठ राहिले नाही. त्यातलेच काही दाणे पेरले, तेही चांगले उगवले. घरचे बियाणे राखता येणे हा फायदा जाहिरातीत फारसा सांगितला जात नाही. मला मात्र तो धान्य वाचण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

उणिवाही स्पष्टपणे सांगायला हव्यात. ही पिशवी ओले धान्य वाळवत नाही. उलट ओलावा आतच कोंडला जाऊन बुरशी धरते, आणि बुरशीचे विष कीड लागण्यापेक्षाही घातक असते. म्हणून भरण्यापूर्वी कोरड्या बाटलीत थोडे धान्य आणि कोरडे मीठ घालून जोराने हलवावे व थोडा वेळ तसेच ठेवावे. मीठ काचेला चिकटले तर धान्याला आणखी ऊन द्यावे. उंदीर ही पिशवी सहज कुरतडतात, त्यामुळे ती भिंतीपासून दूर, फळ्यांवर ठेवावी लागते. आतली पिशवी फाटली की हवाबंदपणा गेला, म्हणून दरवेळी तिच्यात हवा भरून, दाबून, कोठून सुटते का ते तपासावे. नीट हाताळली तर ती एकाहून अधिक हंगाम टिकते. ज्या दुकानात मी ती घेतली तेथे यातले काहीच सांगितले गेले नाही, हे मला गंभीर वाटते, कारण एकदा धान्य बुरशीने गेले की ते कुटुंब पुन्हा या पिशवीकडे वळणार नाही.

माझे मत असे की वाटपात फुकट मिळालेल्या पिशव्यांपेक्षा बचत गटाने स्वतः ठरवून घेतलेल्या पिशव्या अधिक जपल्या जातात. गटाने एकत्र खरेदी करावी, धान्याचा वाळवलेपणा एकमेकींनी तपासावा आणि कोणी किती राखायचे व कधी विकायचे, हे ज्या त्या घरावर सोडावे. शंभर आणि पन्नास किलो असे दोन आकार मी पाहिले आहेत. विक्रीसाठी राखायच्या धान्याला मोठी पिशवी ठीक. घरच्या खाण्यासाठी मात्र पन्नास किलोचीच घ्यावी, कारण रोज उघडल्या जाणाऱ्या पिशवीत हवा शिरत राहते आणि किडे पुन्हा वाढू लागतात.