सेट लागला, समोर सैल हाताचा गडी: ठोकायचं की दबा धरायचा?

टेक्सास होल्डम पोकरचा डाव: प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मध्ये सगळ्यांचे मिळून पाच. प्रत्येकासमोर 20,000 च्या चिप्स, ब्लाइंड (दोघांनी पत्त्यांआधीच टाकायची सक्तीची रक्कम) 50-100. म्हणजे 200 बिग ब्लाइंडचा (मोठा ब्लाइंड 100 चा) डीप स्टॅक, चिप्सचा भलामोठा ढीग. समोर असा गडी, की पत्ता कसाही असो, फ्लॉप (मध्ये उघडणारे पहिले तीन पत्ते) बघितल्याशिवाय राहत नाही. तुमचा फ्लॉपवरच सेट लागला, म्हणजे हातातल्या जोडीला तिसरा तसाच पत्ता मिळाला. लगेच मोठी बेट लावायची, की चेक करून (काहीच न लावता) त्याला आत येऊ द्यायचं? दुसरी चाल जास्त हुशारीची वाटते. नागपुरातल्या घरगुती टेबलांवर मात्र ती बहुतेक वेळा तोट्याची ठरते.

आपल्याकडचा सैल खेळणारा तीन पत्तीवर वाढलेला असतो. दिवाळीत चालीवर चाल करत शोपर्यंत जायचं, मध्येच पॅक करणं म्हणजे कमीपणा. पोकरमध्येही तो ‘पाहून तर घेऊ ना बे’ म्हणत बारकीशी जोडी घेऊन कॉल करत, म्हणजे समोरच्याएवढे टाकत राहतो. त्यात पैशांवरचं ऑनलाइन पोकर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंद झालंय आणि महाराष्ट्रात जुगाराविरुद्धचा 1887 चा कायदा आहेच. त्यामुळे घरच्या चिप्स म्हणजे नुसते गुण, आणि गुण उधळायला कोणाच्या बापाचं काय जातं? अशा माणसासाठी सापळा कशाला लावायचा? तो येतोच आहे.

आता हिशोब. तुम्ही सुरुवातीला 700 ला रेज केलं (रक्कम वाढवली), एकाने कॉल केला, पॉट (मधली एकूण रक्कम) झाला साधारण 1,500. फ्लॉप, टर्न (चौथा पत्ता), रिव्हर (पाचवा) तिन्ही वेळा पॉटएवढी बेट लावली तर 1,500, मग 4,500, आणि शेवटी उरलेले सगळे 13,300. त्याचा अख्खा स्टॅक मध्ये. फ्लॉपवर चेक केलंत आणि पुढे दोनदा पॉटएवढी लावलीत, तर 1,500 अधिक 4,500, म्हणजे 6,000. एका चेकची किंमत 13,000 च्या वर गेली. तीनदा लावूनही दर वेळी निम्मा पॉटच लावलात तर 750, 1,500, 3,000, एकूण 5,250. पॉट पटीत वाढतो, म्हणून पहिली बेट लहान झाली की शेवटची आपोआप लहान होते. स्टॅक 40 ब्लाइंडचा असता तर एक चेक खपून गेला असता. 200 ला खपत नाही.

एक हात बघा. तुमच्याकडे अठ्ठीची जोडी. फ्लॉप: बदाम राजा, चौकट अठ्ठी, बदाम पंजी. समोरच्याकडे राजा-नश्शी असेल तर तो 1,500 देणार, 4,500 ला जरा कूलरकडे बघून मान खाजवणार, तरी देणार. राजा आहे ना हातात! दोन बदाम असतील तरीही देणार. त्याचा फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) पुढच्या एका पत्त्यावर लागायची शक्यता जेमतेम 19 टक्के, आणि पॉटएवढ्या बेटला कॉल करणं परवडायला त्याला 33 टक्के हवेत. निम्म्या पॉटला 25 पुरतात, चेक केलं तर तो पत्ता फुकट. तिसरा बदाम पडला आणि हा एरवी नुसता कॉल करणारा अचानक रेज करू लागला, तर मात्र पुढे दामटू नका. तुमचं फुल हाऊस (तीन सारखे आणि एक जोडी) किंवा त्याहून मोठं काही व्हायला दहा पत्ते आहेत, रिव्हरवर साधारण 22 टक्के. तेवढ्यापुरता भाव मिळत असेल तर कॉल, नाहीतर सोडा.

दबा धरायचा तो दुसऱ्या जातीच्या सैल गड्यासाठी, जो कॉल करत नाही, स्वतःच ठोकत सुटतो. तो तुमच्यानंतर बोलणार असेल तर फ्लॉपवर चेक करा, त्याला लावू द्या आणि तिथेच रेज करा. टर्नपर्यंत थांबू नका. त्यालाही कधीकधी चेक सुचतं. याशिवाय बोर्डच तुम्ही खाऊन टाकलेला असेल, म्हणजे हातात राजांची जोडी आणि फ्लॉपवर आणखी दोन राजे, तर समोरच्याला काहीतरी लागू द्यावंच लागतं. असा हात येतो कितीदा, हा प्रश्न वेगळा.

खरी गल्लत होते ती एक्क्यांच्या जोडीवर. ती 221 हातांत सरासरी एकदा येते, म्हणून सोडवत नाही. पण फ्लॉपनंतर ती बहुतेक वेळा नुसती एक जोडीच राहते. पॉटच्या तीन-चार पट स्टॅक उरला असेल तर तिच्यावर सगळं लावा, हरकत नाही. इथे तो तेरा पट उरलाय. वर ज्याला नावं ठेवली तो निम्म्या पॉटचा हिशोब एक्क्यांना बरोबर बसतो: तीनदा लावून 5,250, आणि राजा-नश्शीवाला तेवढे देतोच. मात्र टर्नवर नश्शी-अठ्ठी-सत्तीसारख्या जुळत्या पत्त्यांत त्या शांत माणसाने रेज केलं, तर एक्के टाकून द्या. तो बहुधा खोटं बोलत नाहीये, त्याला खोटं बोलायचा कंटाळा आहे.

एक्क्यांची आक्रमकता फ्लॉपच्या आधी दाखवायची. एकाविरुद्ध एक्के साधारण 85 टक्के जिंकतात, कुठलेही पत्ते घेतलेल्या चौघांविरुद्ध 56 च्या आसपास. सैल टेबलावर 300 चं रेज केलं तर चौघंही येतात. 700 करा, आणि आधी कोणी नुसते 100 टाकून आत आले असतील तर प्रत्येकामागे आणखी 100. तरी तिघे आले? मग फ्लॉपवर पुन्हा मोठी लावा आणि कोण उरतं ते बघून पुढचं ठरवा. आणि जागा निवडायला मिळाली तर कॉल करणाऱ्याच्या डाव्या हाताला बसा, म्हणजे तो आधी बोलेल.