भाचीसाठी चुंबकाचं किट मागवलं, कंपासच उलटा निघाला (५ पैकी ३ स्टार)

भाची यंदा दहावीला आहे, मराठी मिडियम, आणि विद्युतधारेचे परिणाम हा धडा काही केल्या डोक्यात शिरत नव्हता म्हणून ६४९ रुपयांचं हे किट ऑनलाइन मागवलं. आमच्या गावात कुरिअर येत नाही, वणीला जाऊन आणलं, पेट्रोल वेगळं. मी स्वतः शेतीपंपाच्या मोटरी वाइंडिंग करतो त्यामुळे माल कसा आहे ते हातात घेतल्याबरोबर समजते.

चुंबक चांगले आहेत. दोन पट्टी चुंबक, एक नालाच्या आकाराचा, तिन्हीत जोर आहे. लोखंडाच्या किसाची डबी मात्र ओल लागून गंजली होती, पार गोळा झालेला. त्याचं काही वाटलं नाही कारण आमच्या नाल्याच्या रेतीत चुंबक फिरवला की काळा बारीक चुरा चिकटतेच, लहानपणी जुन्या स्पीकरचा चुंबक घेऊन आम्ही हाच धंदा करायचो. कागदावर तो चुरा टाकून खालून चुंबक लावला, बलरेषा मस्त उठल्या.

आता कंपास, म्हणजे दिशा दाखवणारं होकायंत्र, त्याचं लाल टोक उत्तरेला पाहिजे. भाची अंगणात घेऊन गेली आणि तिथूनच ओरडली, "मामा, हे लाल टोक दक्षिणेकडे काऊन जाते?" मले वाटलं पोरगीच चुकली. सूर्य बुडत होता, तिकडे तोंड करून उभा राहिलो, म्हणजे उजव्या हाताला उत्तर, आणि खरंच लाल टोक डाव्या हाताला. खोका पाहिला तर कंपास चुंबकाला अगदी खेटून पॅक केलेला, बहुतेक त्यानेच सुईचे ध्रुव उलटले. वरची काच काढली, सुई बोटाने दाबून धरली आणि चुंबकाचं दक्षिण टोक सुईच्या मध्यापासून लाल टोकाकडे आठ-दहा वेळा ओढलं, दरवेळी टोकाशी आलं की उचलायचं. झाला सरळ. कंपनीला मेसेज केला होता, अजून उत्तर नाही.

सोबतचं पत्रक फक्त इंग्रजीत आहे आणि त्यात कामाचीच गोष्ट लिहिली नाही. १८२० मध्ये ओर्स्टेडने तारेत करंट सोडून कंपासची सुई हलवली तो प्रयोग यात आहे, पण तार कशी ठेवायची ते सांगितलंच नाही. आम्ही आधी पूर्व-पश्चिम ठेवली, सुई ढिम्म. उत्तर-दक्षिण, म्हणजे सुईच्या बरोबर वरून नेली तर लगेच वळली. सेलची टोकं बदलली तर उलट्या बाजूला. एक सांगतो, करंट एक-दोन सेकंदच द्या, नुसती तार सेलला लावली म्हणजे शॉर्टच असते, सेल तापतो.

करंटवर चालणारा चुंबक करायला तार अगदी थोडी दिली आहे, खिळ्यावर जेमतेम ६० टर्न (वेढे) बसले. २० टर्नला ४ टाचण्या उचलल्या, ६० ला ९. तिप्पट टर्नला तिप्पट टाचण्या का नाही असं भाचीनं विचारलं, प्रश्न बरोबर आहे, पण तार लांबली की रेझिस्टन्स वाढते आणि करंट कमी होते. हां, आणि पुस्तकात सोलेनॉइडला, म्हणजे अशा गुंडाळलेल्या लांब कॉइलला, नालकुंतल म्हणतात. २३ वर्षं झाली कॉइली भरतो, हा शब्द पहिल्यांदाच ऐकला.

छोटी मोटर फिरलीच नाही, नुसती थरथरायची. कारण दिसायला सोपं होतं, कॉइलच्या दोन्ही टोकांचं इनॅमल (तारेवरचा करंट अडवणारा लेप) त्यांनी सगळीकडून खरवडून टाकलेलं. एका टोकाचं तरी अर्ध्याच बाजूने खरवडायला पाहिजे, नाहीतर अर्धा फेरा पुढे ढकलते आणि उरलेला अर्धा मागे. बहिणीच्या नेलपॉलिशने एका टोकाची अर्धी बाजू रंगवली, वाळू दिली, आणि भिंगरीसारखी फिरली.

सगळ्यात मोठी थाप एलईडीची. खोक्यावर लिहिलंय, कॉइलमध्ये चुंबक हलवा, एलईडी पेटेल. एवढ्याशा टर्नमध्ये कुठून पेटणार, त्याला दीड-दोन व्होल्ट तरी पाहिजे! मग दुकानातून भंगार स्टार्टरची (पंपाची मोटर चालू-बंद करायचा डबा) नो व्होल्ट कॉइल आणली, तिच्यात हजारो टर्न असतात, आणि माझा काट्याचा जुना मीटर लावला. चुंबक आत घातला की काटा उजवीकडे, बाहेर ओढला की डावीकडे, आतच धरून ठेवला तर शून्यावर. फॅराडेनं १८३१ मध्ये हेच पकडलं होतं, चुंबक नुसता असून भागत नाही, हलला पाहिजे. भाची म्हणे, "मंग लाइन गेल्यावर मोटर काऊन बंद पडते अन् पुन्हा हिरवं बटन काऊन दाबा लागते?" म्हटलं याच कॉइलमुळे, करंट आहे तोवर ही कॉइल स्टार्टरमधली मोटरला करंट जोडणारी पट्टी ओढून धरते, करंट गेला की सोडून देते, म्हणून पुन्हा बटन.

घ्यायचं तर चुंबकासाठी घ्या, तार जवळच्या वाइंडिंगवाल्याकडून घ्या, उरलेली तुकड्यातुकड्याने फुकट देईल. आणि पार्सल उघडलं की कंपास आधी बाजूला काढा. माझी कॉइल अजून भाचीच्या दप्तरातच आहे, आता वर्गातल्या पोरी मीटरही मागून राहिल्या.