ओढ्याचं काम गावच्या आराखड्यात टाकायचं का डीपीडीसीच्या मागं लागायचं?

मेव्हणा सांगोला तालुक्यात नुकताच सरपंच झालाय, त्याचा हा प्रश्न. अजून कुणी अशाच पेचात असेल म्हणून इथं टाकतोय.

गावच्या आराखड्याचा, म्हणजे जीपीडीपीचा, मोठा फायदा असा की पैसा ग्रामपंचायतीच्या हातात असतो. पंधराव्या वित्त आयोगात (2021-26) 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच, बाकी 40 अबंधित. आता गंमत बघा, पावसाचं पाणी साठवणं बंधितात बसतं, तरी गावोगावी अबंधितातनं पेव्हर ब्लॉक आणि कमान आधी, ओढा मागनं. काम आराखड्यात घेऊन ई-ग्रामस्वराजवर, म्हणजे पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर, चढलं नसेल तर मात्र नंतर कितीबी ओरडा, खर्च टाकता येत नाही. आणि रक्कम छोटी, त्यात गाळ काढणं, नाला खोलीकरण एवढंच होतं, सिमेंट बंधारा म्हणलं की दम संपतो.

डीपीडीसी म्हणजे जिल्हा नियोजन समिती, 74 व्या घटनादुरुस्तीतनं आलेली. अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य सचिव कलेक्टर. पैसा मोठा, पण सोलापूर जिल्ह्यातल्या 11 तालुक्यांची कामं रांगेत, आमदाराचं पत्र, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, एवढं होईस्तोवर उन्हाळा येऊन जातो. पण एक गोष्ट इथंच जमते. ओढा काय गावाची शिव बघून वाहत नाही, वरच्या गावानं अडवलं नाही तर तुमच्यात नुसता गाळ येणार, आणि दोन-तीन गावांचं मिळून काम करायचं तर ग्रामपंचायतीच्या आराखड्यात ते बसवणं अवघड.

आमच्या शेजारच्या गावात मोठ्या निधीतनं केटी (कोल्हापुरी) बंधारा झाला, झकास. पण परतीचा पाऊस संपल्यावर बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, टाकायचे कुणी? आमचं नाही त्यांचं, असं करत करत सगळं पाणी पुढं निघून गेलं, दुसऱ्या वर्षी बघतो तर निम्मे बर्गेच गायब. गावानं स्वतः ठरवून केलेल्या कामाकडं निदान कुणीतरी बघतं, हे माझं मत.

मेव्हण्याला म्हणलं, खोलीकरण गावच्या आराखड्यात घे, बंधाऱ्यासाठी वरच्या आणि खालच्या गावाचे ठराव जोडून डीपीडीसीला फाईल लाव. ठराव 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत घे, कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, नंतर सह्या फिरवून भरू नको, आणि बर्गे कुठल्या खोलीत ठेवणार अन् टाकणार कोण ते त्याच ठरावात लिहून घे.