खोकं 19 किलोचं, बिल 30 किलोचं

सप्टेंबरअखेर लेकीला एमएससाठी जर्मनीला निघायचं होतं. तिकिटावर 23 किलोची एकच बॅग. क्रॉफर्ड मार्केटातून आणलेली बॅग रिकामीच साडेचार किलो भरली, तेव्हाच कळलं की कुकर, पोळपाट आणि आजीने शिवलेली गोधडी मागे राहणार. त्यात दादरला झेरॉक्सच्या दुकानाबाहेर पाटी दिसली, ‘स्टुडंट पार्सल, 480 रुपये किलो, घरून नेऊ.’

पोरगा आला, बोलायला गोड. लटकत्या काट्याला खोकं अडकवलं, 19 किलो. 9,120 रुपये घेतले. ‘तूप चालेल ना?’ विचारलं, तर ‘काकू, सगळं चालतं.’ चालत नाही. तूप, पेढे असले दुधाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून पाठवायला बंदी आहे. सामानाच्या यादीवर ‘ऑफिसात भरतो’ म्हणून कोरी सही घेऊन गेला. बँकेत 27 वर्षं मी लोकांना कोऱ्या चेकवर सही करू नका म्हणून ओरडत आलेय, हेही लिहूनच टाकते.

दुसऱ्या दिवशी फोन, ‘वजन 30 भरलं.’ म्हणे व्हॉल्युमेट्रिक. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5000 ने भागायचं. आमचं 60 बाय 45 बाय 55, म्हणजे 29.7. हिशोब खोटा नव्हता. प्रत्यक्ष वजन आणि हे, यातलं जास्त ते कुरिअरवाले धरतातच. पण घरी तोंडातून शब्द नाही, खोकं त्यांच्या ताब्यात गेल्यावर सांगितलं. गोधडीने घात केला. आणखी 5,280 दिले.

लेक पोचली. चार दिवसांनी मेसेज: जर्मन कस्टमने खोकं अडवलंय, 8,500 ड्यूटी आजच भरा, नाहीतर माल नष्ट करतील. सोबत क्यूआर कोड, कुणा बाईच्या नावाचा. लेक तिकडे एका चादरीवर कुडकुडत होती. भरले.

त्या रात्री तिनेच पावतीवरचा नंबर मोठ्या कुरिअर कंपनीच्या साइटवर टाकला. ‘लेबल तयार, पार्सल मिळालेले नाही.’ म्हणजे खोकं मुंबईतच, आणि ड्यूटी जर्मनीची!

दोन दिवस त्यांनाच फोन करत बसले, मग 1930 लावला, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. पलीकडच्याने पहिलंच विचारलं, पैसे कधी भरले? लगेच कळवलं तर रक्कम खात्यात अडवता येते. माझी निघून गेली होती. तक्रार नोंदवली, रुपयाही परत आलेला नाही.

भाच्याला घेऊन हे त्या पार्सलवाल्यांच्या साकीनाक्याच्या गाळ्यावर धडकले. ढिगाच्या तळाशी आमचं खोकं, वर माझ्या अक्षरात ‘सांभाळून’. पोलिसांचं नाव काढल्यावर सोडलं. रिक्षाने घरी आणून उघडलं तर कुकर आणि तुपाची बरणी गायब. यादीत त्यांनी ‘जुने कपडे’ एवढंच भरलेलं, मग कुकर होता हे सिद्ध कशाने करणार?

शेजारणीचा मुलगा जानेवारीत म्युनिकला चाललाय. परवा तिच्याकडे टेप घेऊन बसले. खोकं 45 बाय 35 बाय 35 चं, म्हणजे 11 किलो. यादी तिने स्वतः लिहिली, फोटो काढून ठेवले, आणि पार्सल थेट कंपनीच्या काउंटरवर देणार आहे. त्याच्या बॅगेत एक कोपरा मी मागून घेतलाय. गोधडी व्हॅक्यूमच्या पिशवीत घालून पापडासारखी चपटी केलीय.