तालुका कोर्टातली स्वतःची वकिली की नगरपरिषदेचं पॅनेल?

बांधकाम पाडण्याच्या नोटिशीविरुद्ध तूर्तातूर्त मनाईचा, म्हणजे पाडकाम तात्पुरतं थांबवण्याचा अर्ज चालतो, तेव्हा एका वकिलाशेजारी घरमालक उभा असतो. त्याच्या हातात पिशवी असते आणि पिशवीत सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, वीजबिल. दुसऱ्या वकिलाशेजारी बहुतेक वेळा कुणीच नसतं, समोर फक्त एक फाइल असते. मी दोन्ही जागी उभी राहिले आहे. नऊ वर्षं तालुका आणि जिल्हा न्यायालयात सगळ्या प्रकारची कामं केली, मग सहा वर्षं नगरपरिषदेच्या पॅनेलवर, म्हणजे तिच्या बाजूने कोर्टात उभं राहणाऱ्या वकिलांच्या यादीवर काढली आणि आता पुन्हा स्वतःची वकिली करते. बार असोसिएशनमधली नवी वकील मुलं ‘मॅडम, पॅनेलला अर्ज करू का?’ असं विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी स्वतःच्या वकिलीबद्दल. तालुक्याच्या ठिकाणी ‘मी फक्त दिवाणी करतो’ म्हणून सुरुवातीला भागत नाही. सकाळी वाटणीच्या दाव्यात तारीख, अकरा वाजता जामीन, दुपारी खावटी म्हणजे पोटगी, मधल्या वेळेत तहसील कचेरीत मामलेदार कोर्ट कायदा 1906 खालचा रस्ता अडवल्याचा अर्ज, शिवाय कलम 138 ची चेक न वटल्याची प्रकरणं आणि मोटार अपघाताचे दावे. पहिली दोन-तीन वर्षं सीनियरकडे नकला काढणं, बारनिशीत, म्हणजे कोर्टात कागद दाखल करायच्या खिडकीवर, खेपा घालणं आणि तारखा घेणं यातच जातात, आणि हातात येतं ते घरभाड्यालाही पुरत नाही. घरातून आधार नसलेल्या कितीतरी हुशार मुलींनी याच काळात काळा कोट काढून ठेवलेला मी पाहिला आहे. ही अडचण खरी आहे आणि तिची आधी कल्पना न देता कुणाला या वाटेवर आणू नये.

पण या वर्षांत जे शिकायला मिळतं ते दुसरीकडे मिळत नाही. पक्षकार समोर बसलेला असतो आणि तो सगळं सांगत नाही. विनीता शर्मा प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालाने मुलीचा सहदायकी हक्क, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतला वाटा, जन्मतःच आहे हे स्पष्ट केलं, त्यानंतर आमच्याकडे बहिणींचे वाटणीचे दावे येऊ लागले. अशाच एका दाव्यात मी वादी बहिणीकडून होते. उलटतपासात समोरच्या वकिलांनी तिची सही असलेलं नोंदणीकृत हक्कसोडपत्र पुढे केलं. ते तिने मला सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे. भावाने ‘सही कर’ म्हटल्यावर केलेली सही तिच्या लेखी कागदच नव्हती. तेव्हापासून मी पक्षकाराला ‘कधी रजिस्टर ऑफिसला गेला होता का, कशासाठी, कुणाबरोबर?’ हा प्रश्न तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारते. पक्षकाराकडून असं काढून घेण्यातच या वकिलीचं निम्मं कौशल्य आहे.

पॅनेलवर गेल्यावर ते कौशल्य एकदम निरुपयोगी वाटतं, कारण विचारायला माणूसच नसतो. नोटीस काढणारा कनिष्ठ अभियंता दुसऱ्या नगरपरिषदेत गेलेला, मुख्याधिकारी नवे, लिपिक म्हणतो ‘माझ्या आधीचं आहे.’ कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, 30 दिवसांत द्यायची, फार तर 90. आणि दाव्यातल्या एकेका परिच्छेदावर कार्यालयाने द्यायचे अभिप्राय मात्र तीन-तीन स्मरणपत्रं पाठवूनही येत नाहीत. तुमचा पक्षकार म्हणजे ती फाइल. तिच्यातला जावक क्रमांक, पंचनाम्याची तारीख, नोटीस घरावर चिकटवल्याची नोंद आणि पंचांच्या सह्या यांवरच तुमचा युक्तिवाद उभा राहतो किंवा कोसळतो. दोन-तीन वर्षांनी लक्षात येतं की इथेही तेच कौशल्य लागतं, फक्त प्रश्न कागदांना विचारायचे असतात.

एकदा माझ्याकडे आलेल्या फाइलमध्ये नोटिशीची तारीख पंचनाम्याच्या आधीची होती. म्हणजे पाहणी व्हायच्या आधीच बांधकाम अनधिकृत ठरवलेलं. मी लेखी मत दिलं की ही नोटीस मागे घ्या, रीतसर पाहणी करून नवी काढा. कार्यालयात ते कुणालाच आवडलं नाही. ‘तुम्ही आमच्या वकील ना?’ असं एकाने तोंडावर विचारलं. शेवटी नोटीस मागे घेतली गेली. नव्या नोटिशीवरचा दावा आम्ही जिंकलो आणि तो माणूसही सुनावणी मिळाल्याचं समाधान घेऊन गेला. असं सांगायची हिंमत नसेल, तर पॅनेलवर जाऊ नका असं मी अगदी मनापासून सांगते. कारण चुकीच्या नोटिशीचं समर्थन करणाऱ्या वकिलामुळे कुणाचं तरी छप्पर जातं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये पाडकामाबाबत निर्देश दिले: किमान 15 दिवसांची पूर्वसूचना, वैयक्तिक सुनावणी, कारणांसह आदेश, आणि हे मोडल्यास अधिकाऱ्यावर वैयक्तिक जबाबदारी. रस्ता, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागांवरच्या बांधकामांना ते लागू नाहीत, आणि नेमका तोच फरक कोर्टात मांडायचा असतो. त्यानंतर पॅनेलवरच्या वकिलाचा सल्ला नोटीस निघायच्या आधी घेतला जाण्याची गरज वाढली आहे.

कायद्याच्या खोलीचं म्हणाल तर पॅनेलचं पारडं जड आहे. नगरपरिषदांना 1965 चा अधिनियम, महापालिकांना 1949 चा, मुंबईला स्वतंत्र 1888 चा, ज्याच्या घडणीत फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग या दोन वकिलांचा हात होता. या सगळ्यांवर 1966 चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम. त्याच्या कलम 149 चा अडसर म्हणजे दिवाणी न्यायालयाला अधिकार आहे की नाही, हा मुद्दा जवळपास प्रत्येक मनाई अर्जात निघतो. कलम 127 तर स्वतंत्र विद्याच आहे. अंतिम विकास आराखड्यानंतर दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देतो, आणि मुदतीत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. पूर्वी नगरपरिषदेला त्यावर सहा महिने मिळायचे, आता 24 महिने मिळतात. आणि त्या मुदतीत नुसता ठराव करून चालत नाही, हे गिरनार ट्रेडर्स प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2007 च्या निकालानंतर कुणालाच नाकारता येत नाही. बाग किंवा शाळेचं आरक्षण केवळ टेबलावर पडून राहिलेल्या नोटिशीमुळे गेलेलं पाहिलं, की या कामाचं वजन कळतं. शिवाय कर आकारणीची अपिलं, औद्योगिक न्यायालयात रोजंदारी कामगारांची कायम करण्याची प्रकरणं, ठेकेदारांची बिलं असतातच.

आता पैसे. खासगी पक्षकार थोडे देतो, पण तारखेला देतो. पॅनेलची फी ठरावातल्या दरपत्रकाप्रमाणे, बहुधा प्रकरणामागे. प्रकरण आठ वर्षं चालो की आठ महिने, दर तोच. बिल लावायचं, ते विधी विभागातून लेखा विभागात, मग लेखापरीक्षणाची हरकत, मग नवीन आर्थिक वर्ष. माझी काही बिलं दीड वर्षाने निघाली. ऑफिसचं भाडं आणि ज्युनियरचा पगार ज्याला दर महिन्याला द्यायचा आहे, त्याने फक्त पॅनेलवर विसंबू नये. पॅनेल म्हणजे पगाराची नोकरी नव्हे, हेही अनेकांना माहीत नसतं. पूर्णवेळ विधी अधिकारी झालात तर बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे वकिली थांबवावी लागते. पॅनेलवर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, चालू राहते, पण निवृत्तिवेतन, रजा काही नाही.

आणि ज्याचा कुणी आधी विचार करत नाही ती गोष्ट: छोट्या गावात निम्म्या प्रकरणांत नगरपरिषद कुठे ना कुठे प्रतिवादी असते. दोन भावांच्या भिंतीच्या वादातही बांधकाम परवान्यामुळे ती येते. पॅनेलवर गेलात की ती सगळी कामं सोडावी लागतात, आणि जुने पक्षकार दुसऱ्या वकिलाकडे गेले की पॅनेलची मुदत संपल्यावर परत येतीलच असं नाही. माझे बरेचसे आले नाहीत. निवडणुकीनंतर सत्ता बदलली की पॅनेलही बदलू शकतं, हे लक्षात ठेवून हिशेब करा.

न्यायाधीश व्हायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2025 च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक केली आहे. ती कुठल्याही वाटेने पुरी होते; पण पुरावा नोंदवणं आणि उलटतपास पाहायचा तर तालुका कोर्टच बरं. उच्च न्यायालयात रिट चालवायची इच्छा असेल तर पॅनेल लवकर तिथे नेतं. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्याने सांगली-सातारा-सोलापूर-रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या वकिलांना त्यासाठी मुंबईला खेपा घालायची गरज उरलेली नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर पहिली पाच वर्षं पॅनेलचा अर्ज करू नका. दहा-पंधरा साक्षीदारांचा उलटतपास स्वतः घ्या, एक तरी दावा दाखल करण्यापासून निकालापर्यंत एकट्याने चालवा. त्यानंतर जाहिरात आली तर अर्ज भरण्याआधी एक दिवस काढून नगरपरिषदेच्या विधी विभागात जा. आधीच्या पॅनेल वकिलांची किती बिलं थकली आहेत ते विचारा. आणि चालू प्रकरणांतली कुठलीही एक फाइल बघायला मिळाली तर तिच्यात नोटीस, पंचनामा आणि बजावणीची नोंद क्रमाने लागते का, ते पाहा.