मसाई माराचा ‘अभ्यास दौरा’ : प्रवेशद्वारावर उघडी पडलेली फसवणूक

पदव्युत्तर प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी ‘आफ्रिकी वन्यजीव अभ्यास दौरा’ या नावाखाली मे महिन्यात केनियाला नेलेल्या गटात मी होते. दौरा पुण्यातील एका शैक्षणिक सहल संस्थेने आखला होता आणि प्रत्येकाकडून दोन लाखांहून अधिक रक्कम घेतली होती. त्यातली बरीचशी रक्कम जिथे पोचायला हवी होती तिथे पोचलीच नव्हती, हे आम्हाला मसाई मारा या केनियातील अभयारण्याच्या सेकेनानी प्रवेशद्वारावर कळले. येत्या सुटीसाठी अशाच जाहिराती पुन्हा फिरू लागल्या आहेत, म्हणून हा व्यवहार कसा रचला होता ते सविस्तर लिहीत आहे.

आधी जे खरे होते ते सांगते, कारण फसवणूक त्याच्याच आधाराने उभी होती. मुंबई–नैरोबी विमानाची तिकिटे खरी होती. पीएनआर विमान कंपनीच्या संकेतस्थळावर दिसत होता आणि तिकिटाचा तेरा आकडी क्रमांकही मिळाला होता. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद करून ईटीए ही ऑनलाइन परवानगी सुरू केली आहे, तीही आमच्या हातात होती. पीतज्वराची (यलो फिव्हरची) लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते आणि तिचे पिवळे कार्ड नसेल तर केनियाहून परतल्यावर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावे लागू शकते, ही माहितीसुद्धा संस्थेने बिनचूक दिली होती. पालकांच्या बैठकीत ही सगळी कागदपत्रे मांडण्यात आली आणि पालकांनी ती बारकाईने तपासली. भारतात बसून जे पडताळून पाहता येते ते सारे चोख ठेवायचे आणि केनियात पाऊल टाकल्याशिवाय जे कळणार नाही ते सारे पोकळ ठेवायचे, अशी ही रचना होती.

नैरोबीहून माई माहियू आणि नारोक या मार्गाने दिवसभराचा प्रवास करून आम्ही सेकेनानीजवळ मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे छत उघडणाऱ्या व्हॅनमधून प्रवेशद्वाराशी पोचलो. तिथल्या रेंजरने चालकाकडे तिकिटे मागितली. चालकाने आमच्याकडे पाहिले, कारण तिकिटे संस्थेच्या समन्वयकाकडे आहेत असे त्याला सांगण्यात आले होते. समन्वयक नैरोबीतच थांबला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. परदेशी प्रौढ व्यक्तीसाठी माराचे शुल्क जानेवारी ते जून या काळात १०० डॉलर आणि जुलैपासून डिसेंबरपर्यंत २०० डॉलर आहे, शिवाय ते १२ तासांपुरतेच चालते. आमच्या पावतीवर ‘सर्व उद्यान शुल्कांसह’ असे स्पष्ट छापले होते. चालकाने आपल्या फोनवर आलेला संदेश आम्हाला दाखवला : त्याला फक्त गाडीचे भाडे आणि डिझेलचे पैसे मिळाले होते, शुल्काच्या रकमेपुढे शून्य होते. रेंजर अत्यंत सौजन्याने वागला, पण तिकिटाशिवाय फाटक उघडणे त्याच्या हातात नव्हते आणि ते योग्यच होते.

ज्यांच्याकडे परदेशात चालणारे कार्ड होते त्यांनी शुल्क भरले. ज्यांना जमले त्यांनी एखाद्या सोबत्याचेही भरले. तरीही काही जण बाहेर राहिले. सांगोल्याकडची एक मुलगी, जिच्या वडिलांनी त्या वर्षीच्या डाळिंबाचे सगळे पैसे या दौऱ्यात घातले होते, ती पहिल्या सकाळी फाटकाशेजारच्या मणी विकणाऱ्या मसाई बायकांपाशी बसून राहिली. आम्ही आत जात असताना तिने हात हलवला. एवढ्या लांब येऊन तिला जे सोसावे लागले त्याची भरपाई कोणत्याही निकालाने होईल असे मला वाटत नाही.

मुक्कामाची कथाही तशीच होती. आगाऊ रक्कम न आल्याने माहितीपत्रकात ज्या कॅम्पचे छायाचित्र होते त्याने आमचे आरक्षण आधीच रद्द केले होते. आम्हाला तालेक गावाच्या बाजूला एका स्वस्त जागेत हलवले गेले आणि शेवटच्या दोन रात्रींचे पैसे तिथल्या मालकाने आमच्याकडूनच मागितले.

मात्र माझ्या मते सर्वांत गंभीर खोटेपणा अभ्यासाच्या नावाखाली झाला. माहितीपत्रकात ‘संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांसोबत सिंहांच्या नोंदी’ आणि चार क्रेडिट्स यांचे आश्वासन होते. केनियात संशोधन करायचे असेल तर विज्ञान, तंत्रज्ञान व नवोपक्रम यांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाचा, म्हणजे नाकोस्टीचा, परवाना लागतो; असा परवाना कोणीही मागितलेला नव्हता आणि ते संशोधन केंद्र अस्तित्वातच नव्हते. विद्यार्थ्यांची शैक्षणिक क्रेडिट्स साठवणाऱ्या ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये क्रेडिट जमा करण्याचा अधिकार तिथे नोंदणी झालेल्या उच्च शिक्षण संस्थांनाच असतो, सहल कंपनीला नाही. आम्हाला दिलेल्या प्रमाणपत्रावर एका परदेशी विद्यापीठाचे बोधचिन्ह होते. मी त्या विद्यापीठाला ई-मेलने विचारले तेव्हा असा कोणताही उपक्रम आपल्याकडे नसल्याचे उत्तर आले. जे काही शिकलो ते आमच्या चालकाकडून. केनियातील सफारी मार्गदर्शकांच्या संघटनेची परीक्षा देऊन मिळवलेला कांस्य बिल्ला त्याच्या खिशावर होता, आणि वारुळावर उभा राहून टेहळणी करणारा ‘टोपी’ नावाच्या हरणाचा नर दाखवत प्रदेश राखण्याची त्याची पद्धत त्याने ज्या नेमकेपणाने समजावली, तसे तास मी वर्गातही फार थोडे अनुभवले आहेत.

जाहिरातीत मारा नदी ओलांडणाऱ्या विल्डबीस्ट या कळपाने फिरणाऱ्या हरणवर्गीय प्राण्यांचे मोठे चित्र होते आणि ‘महास्थलांतर प्रत्यक्ष पाहा’ असे लिहिले होते. मे महिन्यात ते कळप टांझानियातील सेरेंगेटीत असतात. मारा नदीवरची गर्दी साधारण जुलैच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंतची. मार्च ते मे हा तिथला मोठ्या पावसाचा काळ असून गवत उंच वाढलेले असते. मे महिन्यातही मारात सिंह, हत्ती, जिराफ, तरस सारे दिसतात आणि जाण्यासारखे ते नक्कीच आहे. पण आमच्या विद्यापीठांची सुटी मे महिन्यात असते, म्हणून ऑगस्टचे चित्र मे महिन्यावर चिकटवले गेले. दौऱ्याच्या तारखा आणि जाहिरातीतले दृश्य जुळत नसेल तर बाकीचे दावेही त्याच नजरेने वाचावेत.

पैसे देण्यापूर्वी पडताळणी केनियाच्या टोकाकडून झाली पाहिजे, आणि ती इथे बसूनही करता येते. आमच्या कराराच्या कागदावर केवळ ‘स्थानिक भागीदार’ असे लिहिले होते. त्या भागीदाराचे नाव लेखी मागावे, कारण तिथल्या सहल कंपनीला पर्यटन नियामक प्राधिकरणाचा परवाना आवश्यक असतो आणि केनिया असोसिएशन ऑफ टूर ऑपरेटर्सच्या सदस्यांची यादी सर्वांना पाहता येते. कॅम्पचा ई-मेल पत्ता स्वतः शोधून, संस्थेने दिलेला नव्हे, त्यावर गटाचे नाव आणि तारखा कळवून आरक्षण पक्के आहे का आणि आगाऊ रक्कम जमा झाली आहे का, हे विचारावे. उद्यान शुल्क दरमाणशी दरदिवशी किती धरले आहे, ते पत्रकात वेगळे दाखवायला लावावे. हे विचारल्यावर ‘मुलांच्या जागा जातील’ असे उत्तर आले, तर आमच्या पालकांनाही हप्त्याच्या वेळी नेमके हेच सांगितले गेले होते, हे ध्यानात घ्यावे.

परतल्यावर आम्ही एकत्रितपणे पोलिसांत तक्रार दिली आणि ग्राहक आयोगाकडे गेलो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. एक पुरावा अनपेक्षितपणे हाती आला. परदेश सहलीच्या पॅकेजवर घेतला जाणारा टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने ग्राहकाकडून गोळा करून सरकारकडे भरायचा कर, आमच्या पावतीवर दाखवला होता. तो सरकारकडे भरला असता तर तिमाहीचे विवरण गेल्यानंतर पॅनवरील फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या नोंदपत्रकात, दिसला असता. आमच्यापैकी कोणाच्याही फॉर्ममध्ये तो नाही. आधीच्या वर्षी याच संस्थेबरोबर गेलेल्यांनी आपला फॉर्म अवश्य उघडून पाहावा. रक्कम नुकतीच ऑनलाइन गेली असेल तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे, आणि ज्यांनी येत्या मे महिन्यासाठी पहिला हप्ता भरला आहे त्यांनी कॅम्पकडून थेट उत्तर हातात पडेपर्यंत दुसरा भरू नये.